विद्यापीठं मुलांसाठी विज्ञान कार्यक्रम करतात, पण त्यातून मुलांना काय मिळतं हे शोधणाऱ्या विद्यार्थ्याला पैसे कोण देतं?

शनिवारची_ताई (धागाकर्ती):

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू का नको असं चाललं होतं, आज लिहूनच टाकते. लांबलंय, समजून घ्या.

मी फिजिक्समध्ये एमएस्सी, मग एमएड केलं आणि आता शिक्षणशास्त्रात पीएचडी करतेय, दुसरं वर्ष आहे. फेलोशिप नाही. सकाळी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, त्यावर घर चालतं. आमच्या विद्यापीठात महिन्यातून दोन शनिवार शाळेतल्या मुलांसाठी विज्ञानाचा कार्यक्रम असतो, सहावी ते नववीची मुलं येतात, एक प्रयोग आम्ही दाखवायचा, दोन त्यांनी स्वतः करायचे, मग प्रश्नोत्तरं, मग खाऊ आणि फोटो. एमएस्सीला होते तेव्हापासून मी तिथे हौसेने जाते. निघताना मुलांकडून एक फॉर्म भरून घेतो, कार्यक्रम आवडला का, पुन्हा यायला आवडेल का. जवळजवळ सगळीच मुलं हो वर टिक करतात. ते गठ्ठे कपाटात पडून आहेत आणि अहवालात फक्त आकडा जातो, यंदा इतक्या शाळा, इतकी मुलं.

मे महिन्यात मावशीच्या गावी गेले होते. संध्याकाळी मळ्यात विहिरीवर एक मुलगा माझ्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, मॅडम तुम्हीच ना त्या, पाण्याच्या ग्लासावर पुठ्ठा ठेवून उलटा धरणाऱ्या? त्याची शाळा ऑगस्टमध्ये आमच्याकडे येऊन गेली होती, मला काहीच आठवत नव्हतं. मग तो म्हणाला, तुम्ही सांगितलंत हवा पाण्याला ढकलते. आमची मोटर उन्हाळ्यात पाणी उचलत नाही, बाबा तिला दोराने खाली कपारीवर उतरवतात. हवा तेवढ्याच उंचीपर्यंत ढकलत असेल, म्हणून का?

मी गप्पच झाले. हवेचा दाब पाणी फार तर १० मीटरच्या आसपास चढवू शकतो, आणि प्रत्यक्षात फूटव्हॉल्व्ह, पाइपातली गळती, घर्षण सगळं धरलं तर सात-आठ मीटरच्या पुढे काठावरच्या मोटरला जमत नाही, म्हणून पाणी खाली गेलं की मोटर खाली न्यावी लागते. त्या दिवशी आमच्यापैकी कोणीही मोटरचा विषय काढला नव्हता. सातवीतल्या पोराने ते नऊ महिने डोक्यात ठेवलं आणि स्वतःच्या विहिरीला लावून पाहिलं. आमच्या फॉर्ममध्ये हे कुठे येणार?

तेव्हापासून एकच विचार आहे. असं किती मुलांच्या बाबतीत झालं असेल? आणि किती जणांना फक्त लिफ्ट आणि समोसा लक्षात राहिला असेल? (तेही वाईट नाही, पण मग तसं आपल्याला माहीत तरी हवं.) मला तीन महिन्यांनी आणि नऊ महिन्यांनी मुलांच्या गावात जाऊन त्यांच्याशी निवांत बोलायचंय, साधारण १२ शाळा. गाइड तयार आहेत, विषय मंजूर आहे. पैसे नाहीत. विज्ञान विभाग म्हणतो हे शिक्षणशास्त्राचं काम, आमचा विभाग म्हणतो कार्यक्रम त्यांचा आहे त्यांनी द्यावेत, आणि कार्यक्रमाच्या निधीत बॅनर, खाऊ, साहित्य, पाहुण्यांचं मानधन सगळ्याला हेड (खर्चाचं ठरलेलं सदर) आहे, विद्यार्थ्याच्या संशोधनाला नाही.

मला लाखो नकोत. हिशोब केला, वर्षाला ८० हजारांत होईल. कोणी असं काम केलंय का, कुठे अर्ज करता येईल, कुठल्या शब्दांत करावा, जे माहीत असेल ते सांगा प्लीज.

---

अबोली२२:

मोटरचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. सुचवण्यासारखं माझ्याकडे काही नाही पण धागा वर राहू दे.

---

झेडपीचा_गुरुजी:

ताई, तुमची तळमळ दिसते म्हणून स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी २१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. आमच्याकडे वर्षाला चार-पाच तरी संशोधक येतात, कोणी बीएडचे, कोणी एमएडचे, कोणी पीएचडीचे. प्रश्नावली वाटतात, चाळीस मिनिटं वर्ग घेतात, सही-शिक्का घेतात आणि जातात. त्यातून काय निघालं हे आजवर एकानेही परत येऊन सांगितलेलं नाही. मुलं मला विचारतात, सर त्या मॅडमनी आपले पेपर तपासले का?

आणि दुसरं असं की ८० हजारांत माझ्या शाळेत काय येईल माहितीये का? दोन बरे मायक्रोस्कोप, सगळ्या वर्गाला पुरतील इतकी भिंगं, मल्टिमीटर, चंबू, परीक्षानळ्या आणि वरून मुलांना विद्यापीठात न्यायला एका फेरीची गाडी. गेल्या वर्षी आम्हाला बोलावणं होतं, गाडीभाडं कोणी देईना, पालकांकडून दीडशे रुपये मागितले तर निम्मी मुलं गळाली. जी गळाली त्यांना या गोष्टीची जास्त गरज होती. आधी मुलं तिथे पोचू द्या, मग मुलांना काय मिळालं ते मोजा, असं माझं मत.

---

शनिवारची_ताई:

गुरुजी, राग अजिबात नाही. प्रश्नावली घेऊन जाणाऱ्यांत मीही होते, एमएडला असताना दोन शाळांत गेले आणि परत काही कळवलं नाही. ती चूक मला मान्य आहे.

पण गाडीभाड्याचं तुम्ही जे लिहिलंत ना, निम्मी मुलं गळाली, तेच तर कुठे नोंदलेलं नाही. आमच्या अहवालात तुमच्या शाळेचं नाव आलं असेल आणि पुढे ‘उपस्थित १३’. गळालेल्या मुलांचा रकानाच नाही. ते कोणीतरी नीट लिहून ठेवलं तर उद्या विद्यापीठाला म्हणता येईल की बॅनरचे पैसे कमी करा आणि गाडी पाठवा. नुसतं म्हणून कोणी ऐकत नाही हो, मी तीन मीटिंगांत बोलले आहे.

---

मानखुर्द_लोकल:

दोघांचंही म्हणणं एकत्र बसतं आणि आपल्याकडे त्याचं उदाहरण आहे, फार कमी जणांना माहीत असतं म्हणून सविस्तर लिहितो.

होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं), मुंबईत मानखुर्दला आहे. १९७४ साली सुरू झालं तेव्हा सुरुवातीचे पैसे सर दोराबजी टाटा ट्रस्टचे होते. पहिल्या काही वर्षांतच ही मंडळी जळगाव जिल्ह्यात खिरोद्याला गेली, तिथल्या आसपासच्या शाळांत विज्ञान शिकवण्याचं काम केलं आणि सोबत अभ्यासही केला. मग १९८० च्या सुमारास मुंबई महापालिकेच्या शाळांमधली अनुसूचित जातींची मुलं घेतली, त्यांना शिकवलं, पण वर्ग घेऊन थांबले नाहीत, मुलं नेमकी कुठे अडतात त्याची बारीक नोंद ठेवली. आणि निघालं काय तर विज्ञान अवघड नाही, पुस्तकाची भाषा अवघड आहे. घरात बोलली जाणारी मराठी आणि पाठ्यपुस्तकातली मराठी यांच्यातल्या अंतरात मूल पडतं आणि आपण म्हणतो त्याला विज्ञान जमत नाही. मग भाषा सोपी करून शिकवलं, मुलांचे एसएससीचे निकाल सुधारले. वि. गो. कुलकर्णी तेव्हा केंद्राचे संचालक होते, त्यांचं आणि सहकाऱ्यांचं हे काम आहे.

आता विचार करा, तेव्हा कोणी म्हणालं असतं की अभ्यासाचे पैसे वाचवा आणि चंबू घ्या, तर चंबू आले असते, फुटले असते, आणि भाषेची गोष्ट कळली नसती. चंबू नकोत असं मी म्हणत नाहीये, पण चंबूवरचं लेबल मुलाला वाचता येत नाही हे शोधायलाही कोणाला तरी पगार द्यावा लागतो.

ताई, त्या केंद्रात विज्ञान शिक्षणात पीएचडी करता येते. दर थोड्या वर्षांनी एपिस्टेम नावाची परिषदही भरवतात, २००४ पासून. तुमचा विषय तिथे उपरा वाटणार नाही, गाइडना सांगून त्यांच्यातल्या कोणाला तरी सहमार्गदर्शक म्हणून विचारा. पैसे मिळतीलच असं नाही पण अर्जाला वजन येईल.

---

नेकारकाठची_मधुरा:

मी जर्मनीत ट्युबिंगेनजवळ राहते. इथल्या विद्यापीठात २००२ मध्ये ‘किंडर-उनी’ सुरू झाली, म्हणजे मुलांचं विद्यापीठ, स्थानिक वर्तमानपत्रातल्या दोघा पत्रकारांनी विद्यापीठाच्या मदतीने सुरू केलं. खऱ्या सभागृहात खरे प्राध्यापक आठ ते बारा वर्षांच्या मुलांना शिकवतात, पहिलं व्याख्यान ज्वालामुखी आग का ओकतात यावर होतं. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाने सुरू केलं आणि नंतर युरोपभर पसरलं.

माझी मुलगी गेली, तिला विद्यार्थी ओळखपत्र मिळालं आणि ते ती उशाशी घेऊन झोपायची. पण मला तिथे जाणवलेलं सांगते, बाहेर थांबलेल्या आईवडिलांशी बोललं की कळायचं बहुतेक जण स्वतःच विद्यापीठातून शिकलेले. ज्या घरात कोणी विद्यापीठ पाहिलं नाही तिथली मुलं फार थोडी. हा प्रश्न युरोपात सगळीकडे चर्चेत आहे, त्यामुळेच व्हिएन्नावाले मुलांना बोलावून थांबत नाहीत, ‘किंडर-उनी ऑन टूर’ म्हणून बागांमध्ये, वस्त्यांमध्ये स्वतः जातात.

म्हणजे गुरुजींची गळालेली मुलं आणि इथली न आलेली मुलं, दुखणं एकच. न आलेल्यांचा अभ्यास करायला हवा, आलेल्यांचा करून अर्धंच कळतं.

---

फळा_खडू:

विद्यापीठात शिकवतो, असे दोन कार्यक्रम चालवलेत, त्यामुळे पैशाचं जरा नीट सांगतो.

पहिली गोष्ट, जेआरएफ, म्हणजे नेट या पात्रता परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप. शिक्षणशास्त्र हा नेटचा विषय आहे, जेआरएफ मिळाली तर महिना ३७ हजार, पुढे एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) ४२ हजार (जानेवारी २०२३ पासूनचे दर), पोटाचा प्रश्न सुटतो. वयात बसत असाल तर पुन्हा परीक्षा द्या, कंटाळा करू नका. प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिपही आहेत, जाहिराती कधी निघतात त्यावर लक्ष ठेवा.

दुसरी, आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद. विज्ञानाला निधी देणारे तुम्हाला म्हणतात हे सामाजिक शास्त्र आहे. बरं मग, सामाजिक शास्त्रांच्या दारात जा. शिक्षण त्यांच्या कक्षेत येतं, डॉक्टरल फेलोशिप देतात, आणि पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कालिना कॅम्पसवर आहे, तिथे पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी छोटी मदत असते, स्वतः जाऊन चौकशी करा, फोनवर निम्मं कळतं.

तिसरी, आणि मला ही सगळ्यात महत्त्वाची वाटते. विज्ञान विभागाच्या प्राध्यापकांना हल्ली वैज्ञानिक सामाजिक जबाबदारी दाखवावी लागते, डीएसटीने (केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने) २०२२ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. शाळेत जाऊन व्याख्यान दिलं, मुलांना लॅब दाखवली, अशी कामं त्यात धरतात. तुमच्या विद्यापीठात ज्यांच्याकडे मोठे प्रकल्प आहेत अशा दोघा-तिघांना भेटा आणि सांगा, तुमच्या या कामाचं काय झालं ते मी लिहून देते, पुढच्या प्रस्तावात माझ्या प्रवासाची एक ओळ घाला. आजचा निधी मिळणार नाही, हेड ठरलेले असतात. पण प्रस्ताव लिहितानाच ओळ घातली तर निघते. नंतर मागितली की हिशोबनीस उडवतो, आणि त्याचंही चूक नाही.

चौथी, माणसं. मानधनाचे पैसे कशाला मागता? नव्या शैक्षणिक धोरणात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला रिसर्च प्रोजेक्ट आहे, चार वर्षांच्या ऑनर्स विथ रिसर्चलाही आहे, पदवीला फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटची क्रेडिट आहेत. पोरं विषय शोधत असतात. चार जण घ्या, प्रत्येकी तीन शाळा द्या, तुम्ही प्रशिक्षण द्या. त्यांचं क्रेडिट होईल, आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेत मांडता येईल.

---

शनिवारची_ताई:

सर, तिसरा मुद्दा डोक्यातच आला नव्हता, मी चालू निधीतून मागत बसले होते. खूप आभार.

चौथ्याबद्दल मात्र माझं मन तयार होत नाही. क्रेडिट मिळतात म्हणून प्रवास फुकट होत नाही ना सर. आमच्याकडची पोरं वसतिगृहातली, मेसचे पैसे कसेबसे भरणारी. एसटीत आम्हा मुलींना २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, मुलांना तेही नाही. एका शाळेच्या दोन फेऱ्या, दुपारचं जेवण, फाट्यावरून पुढे वडापची (शेअर) जीप, ज्याच्या घरून पैसे येतात तोच हे करू शकेल. म्हणजे मुलांच्या कार्यक्रमात जी गळती होते तीच संशोधन करणाऱ्यांमध्येही होईल. खेड्यातून आलेल्या पोराला गावातल्या मुलाशी बोलता येतं, नेमका तोच गळेल. ८० हजारांतले ३२ हजार मी चार विद्यार्थ्यांच्या प्रवास-जेवणासाठीच धरलेत. बाकी (हजारांत) माझा प्रवास १४, दोन रेकॉर्डर ५, मुलाखती ऐकून लिहून काढायला १५, छपाई आणि मुलांसाठी साहित्य ८, आणि शेवटी सगळ्या शाळांना परत जाऊन सांगायला ६.

---

फळा_खडू:

पटलं. माझा मुद्दा मागे घेतो. क्रेडिटही द्या आणि प्रवासभत्ताही द्या.

---

लेखाजोखा:

मी एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागात काम करते, नाव लिहीत नाही. आतली बाजू सांगते.

कायद्यात (कंपनी कायदा २०१३, कलम १३५) पात्र कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के खर्चायचे असतात आणि शिक्षण त्यात बसतं. पण आमच्याकडे अहवालाचा जो तक्ता आहे त्यात पहिला रकाना लाभार्थी संख्या. ५,००० मुलं असा प्रस्ताव आला की सगळ्यांना समजतो. ‘१२ शाळांतल्या ९० मुलांशी नऊ महिन्यांनी बोलणार’ हा आला की समितीत विचारतात, इतकी कमी? मी स्वतः असे दोन प्रस्ताव मागे पडताना पाहिलेत आणि मला त्याचं वाईट वाटतं.

परिणामांचं मूल्यमापन सक्तीचं आहे पण ते मोठ्या कंपन्यांना आणि १ कोटी व त्यावरच्या प्रकल्पांना. तुमचा शनिवारचा कार्यक्रम त्यात कधी येणार नाही. आणि जिथे सक्ती आहे तिथेही एजन्सी येते, दोन दिवसांत फोन करते, रंगीत आलेख देते.

तरी मार्ग आहे. संशोधन म्हणून मागू नका, कार्यक्रमाचा भाग म्हणून मागा. विद्यापीठाचा कार्यक्रम दहा लाखांचा असेल तर त्यातच ‘पाठपुरावा भेटी’ म्हणून ८० हजार. पाठपुरावा हा शब्द आमच्या समितीला कळतो. आणि मुलांना परत भेटणं हा खरोखरच कार्यक्रमाचा भाग आहे, त्यात खोटं काही नाही.

---

पोस्टकार्ड_८वी_ब:

मी पुण्याची, आयुकात (खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात) दुसऱ्या शनिवारी शाळेच्या मुलांसाठी व्याख्यानं असतात तिथे जायचे, पुढे पुलंच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून तिथे मुक्तांगण विज्ञान शोधिका झाली, अरविंद गुप्तांची टाकाऊ वस्तूंपासून केलेली विज्ञान-खेळणीही तिथेच पाहिली. मी काही वैज्ञानिक झाले नाही, बँकेत आहे. कोणी मोजलं असतं तर माझी नोंद ‘विज्ञानात गेली नाही’ अशी झाली असती. पण माझा मुलगा काही विचारतो तेव्हा मी ‘गप्प बस’ म्हणत नाही, चल करून बघू म्हणते, ते तिथून आलंय.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सरांची एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, मुलं सही मागायला गेली की ते म्हणायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहून सही करून पाठवीन. ताई, त्या मुलांनी नुसती सही मिळवली असती तर आणखी एक फोटो झाला असता. प्रश्न लिहायला लावल्यामुळे मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते कागदावर आलं. तुमच्या फॉर्मऐवजी एक कोरं कार्ड द्या ना मुलांना. घरी जाऊन महिन्याभरात सुचेल तो प्रश्न लिहून पाठवायचा.

---

शनिवारची_ताई:

हे सोनं आहे. ‘आवडलं का’ विचारण्यापेक्षा कितीतरी बरं. इंग्लंडमध्ये अस्पायर्स नावाचा अभ्यास आहे, २००९ मध्ये सुरू झाला, १० वर्षांच्या मुलांपासून सुरुवात करून तीच पिढी पुढे २२ व्या वर्षापर्यंत अभ्यासली, तिथल्या सामाजिक संशोधन परिषदेने पैसे दिले. त्यात दिसलं की बहुतेक मुलांना विज्ञान आवडतं, पण वैज्ञानिक व्हायचंय म्हणणारी जेमतेम १५ टक्के. आवडणं आणि ‘हे माझ्यासारख्यांसाठी आहे’ असं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्याबद्दल वाचून वाटलं की तिसरीही आहे, विज्ञानात न जाता ते घरात आणणं. ती मी माझ्या प्रश्नांत घालते.

---

डेट्रॉइटकर:

अमेरिकेतून एक सावधगिरीची सूचना. इथे एनएसएफचा (सरकारच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचा) शाळेबाहेरच्या विज्ञान शिक्षणासाठी स्वतंत्र निधी होता, त्यात कार्यक्रम आणि त्यावरचं संशोधन बरोबरीने चालायचं, पीएचडीची मुलं त्यावर काम करायची. २०२५ मध्ये एनएसएफची शेकडो अनुदानं मध्येच बंद झाली, विज्ञान शिक्षणाला त्याचा फार मोठा फटका बसला. अर्धवट मुलाखती घेऊन मुलं बसली. एकाच दात्यावर सगळं टाकू नका ताई, आणि पहिल्या सहा महिन्यांच्या कामातूनही काहीतरी पूर्ण निघेल असं आखा.

---

मानखुर्द_लोकल:

अजून एक अवघड मुद्दा. कार्यक्रम चालवणारेच पैसे देणार असतील आणि निघालं की मुलांना काहीच मिळत नाही, तर ते छापायला देतील? आधीच लेखी घ्या की निष्कर्ष कसेही आले तरी प्रबंधात जातील. शिवाय तुम्ही स्वतः त्या मुलांना शिकवता, तुमच्यासमोर कोणीही वाईट बोलणार नाही. त्यामुळे ज्या शाळांत तुम्ही प्रयोग दाखवलेत तिथे मुलाखत दुसऱ्याने घ्यावी.

आणि तुलना हवी असेल तर प्रतीक्षा यादी वापरा. जास्त शाळांनी नाव दिलं असेल तर चिठ्ठ्या टाका, ज्यांचा नंबर पुढच्या वर्षी लागणार त्या शाळांशीही आत्ताच बोला. कोणाचं काही हिरावलं जात नाही. पालकांचं संमतिपत्र मराठीत, एका पानात, आणि मुलालाही वेगळं विचारायचं, त्याने नाही म्हटलं तर नाही.

---

झेडपीचा_गुरुजी:

चार दिवस वाचतोय सगळं. माझं मत थोडं बदललंय, पूर्ण नाही. सहा हजार परत येऊन सांगण्यासाठी ठेवलेत ते वाचलं. असं धरणारं मी पहिल्यांदा पाहिलं.

माझी शाळा तुमच्या १२ मध्ये घ्या. अटी सांगतो. सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरात येऊ नका, सत्र परीक्षा असते. गूगल फॉर्म चालणार नाही, फोन वडिलांकडे आणि वडील रानात. मुलींशी बोलायला मुलगी पाठवा. नको तेव्हा टेपरेकॉर्डर बंद करायचा. आणि जी १३ मुलं गाडीभाड्यामुळे आली नव्हती, त्यांची नावं माझ्या वहीत आहेत, आधी त्यांच्याशी बोला.

---

शनिवारची_ताई:

गुरुजी, सगळ्या अटी मान्य. तुमच्या शाळेत मी मुलाखत घेणार नाही कारण त्या दिवशी प्रयोग मीच दाखवले होते, माझी एक विद्यार्थिनी येईल, ती शेजारच्याच तालुक्यातली आहे.

बाकी सगळ्यांसाठी, काल विज्ञान विभागातल्या एका प्राध्यापकांना भेटले. जानेवारीत त्यांचा नवा प्रस्ताव जातोय, त्यात ‘पाठपुरावा भेटी’ अशी ओळ घालायला ते तयार झालेत, ४० हजार, आणि निष्कर्ष कसेही आले तरी चालतील असं एका पानावर लिहून द्यायलाही. मंजूर होईल का माहीत नाही. कालिनाला सोमवारी जातेय, उरलेल्या निम्म्यासाठी. तोपर्यंत थांबायचं नाही असं ठरवलंय, तीन शाळांचा प्रवास आम्ही स्वतः करतोय, म्हणजे सहा महिन्यांत निदान एवढं तरी पूर्ण होईल. येत्या शनिवारपासून फॉर्म बंद, कोरी कार्डं सुरू. २०० छापून आणली आहेत, पत्ता विभागाचा आणि तिकीट आधीच लावलेलं.

---

झेडपीचा_गुरुजी:

शनिवारी आमची सकाळची शाळा असते, साडेअकराला सुटते. विद्यार्थिनीला म्हणावं साडेनऊपर्यंत पोच, फाट्यावर माझी गाडी असेल, वडापचे पैसे वाचतील. १३ पैकी ११ मुलांच्या घरी जाऊन सांगून आलोय, पालक हो म्हणालेत. दोघं ऊसतोडीला आईबापाबरोबर जाणार आहेत, दसरा झाला की निघतील, त्यांच्याशी त्याआधी बोलायला हवं. आणि येताना तो ग्लास आणि पुठ्ठा घेऊन या, त्यांनी तो पाहिलेला नाही.